ट्रॉली ओढणे आणि ट्रॉली थांबवणे : वाचकांचे प्रश्न

ट्रॉली, टँकर आणि लहान ट्रेलर यांत किती ओझे भरावे व ते कसे भरावे, याविषयी खान्देशच्या वेगवेगळ्या तालुक्यांतून आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रांतील मूळ प्रश्न थोडक्यात देऊन त्याखाली उत्तर दिले आहे. उत्तरांतील आकडेमोड ढोबळ आहे. आपल्या वाहनाची पुस्तिका आणि नोंदणी पुस्तकातील आकडे तिच्यापेक्षा नेहमीच मोठे मानावेत.

प्रश्न : माझा ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा असून ट्रॉली चार चाकी आहे. भरलेली ट्रॉली साधारण आठ टनांची होते आणि सपाटीला ट्रॅक्टर ती विनातक्रार ओढतो. मात्र धडगावकडून मका भरून चांदसैली घाट उतरताना ब्रेक दाबल्यावरही ट्रॅक्टर पुढे ढकलला जात होता. अधिक अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतल्यास ही अडचण दूर होईल का?
— एक शेतकरी, तळोदा तालुका

उत्तर : केवळ अश्वशक्ती वाढवून ही अडचण दूर होणार नाही. अश्वशक्तीचा संबंध ओझे ओढण्याशी आहे. ते थांबवण्याचे काम ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन, त्याच्या मागील चाकांची जमिनीवरची पकड आणि ट्रॉलीला ब्रेक आहेत की नाहीत, या तीन गोष्टींवर ठरते. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागील दोन चाकांना असतात. चार चाकी ट्रॉली आपला सगळा भार स्वतःच्याच चाकांवर पेलते, त्यामुळे ती भरली म्हणून ट्रॅक्टरच्या मागील चाकांवरचे वजन, आणि पर्यायाने त्यांची पकड, काहीच वाढत नाही. ओझे वाढते, थांबवण्याची ताकद मात्र रिकाम्या ट्रॅक्टरची होती तेवढीच राहते.

आपलेच आकडे घेऊन हिशेब करू. ट्रॅक्टर २,२०० किलोचा आणि त्यातील सुमारे १,४०० किलो मागील चाकांवर आहेत असे धरू. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाकांवरील वजनाच्या साठ टक्क्यांइतकी पकड मिळते असे मानले, तर ब्रेकचे जास्तीत जास्त बळ ८४० किलो इतके येते. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी ही १०.२ टनांची जोडी तेवढ्या बळाने सुमारे १९ मीटरांत थांबते. आता दर पंधरा मीटरला एक मीटर खाली जाणारा उतार घ्या. एवढ्या उतारावर गुरुत्वाकर्षणच या जोडीला सुमारे ६८० किलोच्या बळाने खाली ढकलत असते. ८४० पैकी ६८० हे ढकलणे अडवण्यातच खर्ची पडतात आणि प्रत्यक्ष थांबवण्यासाठी जेमतेम १६० किलो शिल्लक राहतात. त्याच वेगावरून थांबण्याचे अंतर मग शंभर मीटरांच्या आसपास जाते, आणि चालकाला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत कापलेले अंतर यात धरलेलेच नाही. टायर फिरताना होणाऱ्या रोधाची थोडी मदत मिळते हे खरे, पण उतारावर मागून रेटा येत असताना ट्रॅक्टरच्या मागील चाकांवरचे वजनही काहीसे पुढे सरकते, त्यामुळे मिळालेली मदत बऱ्याच अंशी तिथेच संपते. रस्त्यावर खडी किंवा ओली माती असेल, तर पकड निम्म्यावर येते, उरलेले १६० किलोही राहत नाहीत, आणि मागील चाके जाम होऊनही जोडी घसरतच राहते. आपल्याला घाटात आलेला अनुभव तोच आहे. ब्रेक नादुरुस्त नसतानाही असे घडू शकते.

आता ट्रॉली आठऐवजी चार टनांची करा. त्याच उतारावर, त्याच वेगाने आणि त्याच ब्रेकने ही जोडी सुमारे २३ मीटरांत थांबते. ओझे निम्मे झाले आणि थांबण्याचे अंतर चौपटीहून अधिक घटले. घाटात दोन खेपा करण्याचा खर्च जड वाटतो हे आम्ही जाणतो, कारण डिझेल आणि मजुरी दोन्ही दुप्पट लागतात. तरीही ट्रॉलीला ब्रेक नसतील, तर घाटात आठ टन उतरवूच नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. अनेक ट्रॅक्टरांच्या पुस्तिकांत ब्रेक नसलेल्या ट्रॉलीचे भरलेले वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीपेक्षा अधिक नसावे आणि वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आत असावा, अशी मर्यादा दिलेली आढळते. आपल्या ट्रॅक्टरसाठी ही दीडपट ३,३०० किलो होते. आठ टनांचा आकडा तिच्यापासून किती दूर आहे, ते आपणच पाहावे.

पैसे खर्च करायचेच असतील, तर ते ट्रॉलीच्या ब्रेकवर करावेत. आठ टनांची ट्रॉली ज्या चाकांवर उभी असते, त्यांची पकड ट्रॅक्टरच्या मागील चाकांच्या कितीतरी पट असते आणि ब्रेक नसल्यामुळे ती पूर्णपणे वाया जाते. ट्रॉलीच्या ब्रेकने केवळ १,५०० किलोचे बळ दिले, तरी वरच्या उदाहरणातील शंभर मीटरांचे अंतर दहा मीटरांच्या आसपास येते. हवेवर किंवा हायड्रोलिकवर चालणारे ट्रॉलीचे ब्रेक ट्रॅक्टरच्या पेडलशी जोडून घेता येतात. ते बसवताना ट्रॉलीचे ब्रेक ट्रॅक्टरच्या ब्रेकच्या किंचित आधी लागतील, अशी जुळणी कारागिराकडून आवर्जून करून घ्यावी. ट्रॉली मागे खेचली गेली, तर दोन्ही वाहने सरळ रेषेत राहतात. ती उशिरा थांबू लागली, तर वळणावर दांडीमार्फत ट्रॅक्टरची शेपटी बाजूला ढकलते आणि जोडी कात्रीसारखी दुमडते.

घाट उतरण्याच्या रीतीविषयीही लिहिणे आवश्यक आहे. ज्या गिअरमध्ये तो चढ भरलेल्या ट्रॉलीसह चढावा लागला असता, त्याच किंवा त्याहून एक खालच्या गिअरमध्ये उतरावे आणि तो गिअर उतार सुरू होण्यापूर्वी, माथ्यावरच टाकावा. अर्ध्या उतारावर गिअर बदलण्यासाठी क्लच दाबला, की इंजिनचा रोध त्या क्षणी संपतो, वेग वाढतो आणि अनेकदा पुढचा गिअर पडतच नाही. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरण्याची सवय काही चालकांना असते. ती जिवावर बेतणारी आहे आणि मालकाने ती स्वतः लक्ष घालून मोडली पाहिजे. डाव्या व उजव्या ब्रेकची पेडले शेतात वेगळी वापरली जातात, परंतु रस्त्यावर येण्यापूर्वी ती पट्टीने एकत्र जोडलीच पाहिजेत, कारण भरलेली ट्रॉली मागे असताना एकाच चाकाला ब्रेक लागणे म्हणजे उलटण्याला आमंत्रण आहे. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात शिरल्यावर नव्हे.

प्रश्न : आमची दोन चाकी ट्रॉली आहे. केळीचे घड भरून शेतातून कालव्याच्या भरावावर चढताना ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. चालक म्हणतो, की ट्रॉलीत माल मागच्या बाजूला अधिक भरला म्हणजे हा त्रास होत नाही. त्याचे म्हणणे योग्य आहे का?
— केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : चालकाने कारण बरोबर ओळखले आहे, परंतु त्याचा उपाय एका मर्यादेपर्यंतच चालतो आणि त्या पुढे तो मूळ दुखण्यापेक्षा घातक ठरतो.

दोन चाकी ट्रॉलीच्या वजनाचा काही भाग तिच्या धुरीवर (दोन्ही चाके जोडणाऱ्या आसावर) आणि काही भाग दांडीमार्फत ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. हुक ट्रॅक्टरच्या मागील धुरीच्या पाठीमागे असल्यामुळे त्यावर पडलेले वजन मागील चाकांवर तर येतेच, शिवाय पुढची चाके उचलण्याचाही प्रयत्न करते. हुकावर ८०० किलो, हुक मागील धुरीपासून ८० सेंटिमीटर मागे आणि ट्रॅक्टरच्या दोन धुऱ्यांमधील अंतर दोन मीटर असे धरले, तर पुढच्या चाकांवरचे ३२० किलो कमी होतात. २,२०० किलोच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर मुळात ८०० किलो असतील, तर उभ्या जागीच ४८० उरतात. स्टेअरिंगने काम करावे यासाठी ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या किमान वीस टक्के भार, म्हणजे येथे ४४० किलो, पुढच्या चाकांवर असावा, असा सर्वमान्य दंडक आहे. म्हणजे सपाटीलाच आपण काठावर आहात. भरावावर चढताना ओढीच्या बळामुळे आणि ट्रॅक्टरच्या तिरप्या स्थितीमुळे आणखी दीडशे ते दोनशे किलो कमी होतात, आणि मग स्टेअरिंग फिरते पण ट्रॅक्टर वळत नाही.

ही तक्रार केवळ वळण्याची नाही. अशा स्थितीत चालकाने क्लच झटक्याने सोडला, तर ट्रॅक्टर मागच्या धुरीभोवती उभा राहून सेकंद-दीड सेकंदात चालकावर उलटू शकतो. तेवढ्या वेळात क्लच दाबण्याचे भानही राहत नाही. हुक जितका उंच, तितका हा धोका अधिक. म्हणूनच ट्रॉली नेहमी ट्रॅक्टर उत्पादकाने दिलेल्या खालच्या हुकालाच जोडावी. चिखलात रुतलेली ट्रॉली काढण्यासाठी साखळी टॉपलिंकच्या (अवजार जोडण्याच्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा मागील धुरीच्या नळीला बांधणे कटाक्षाने टाळावे, मग घाई कितीही असो. पाऊस पडून गेल्यावर काढणीसाठी व्यापाऱ्याचा ट्रक रस्त्यावर ताटकळत उभा असतो, तेव्हा नेमकी हीच घाई होते.

आता माल मागे सरकवण्याविषयी. घडांची मांडणी धुरीच्या वर, किंचित पुढे झुकती ठेवली, तर हुकावरचे वजन आवश्यक तेवढेच राहते. पण मालाचा मध्य धुरीच्या मागे गेला, की दांडी हुकाला वर उचलू लागते, ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड सुटते, चढावर चाके जागीच फिरतात आणि रस्त्यावर ट्रॉली डावी-उजवीकडे डोलू लागते. त्यामुळे क्रम असा ठेवावा : आधी एकूण वजन कमी करावे, मग मांडणी सुधारावी, आणि एवढ्यानेही पुढची चाके हलकी राहत असतील, तर उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला लोखंडी वजने लावावीत. एक घड २० ते २५ किलोचा धरला, तर तीनशे घडांचे सहा ते साडेसात टन होतात, आणि त्यात ट्रॉलीचे रिकामे वजन वेगळे मिळवावे लागते. घड मोजण्याची सवय आपल्याकडे आहेच. त्याला किलोने गुणण्याचीही लावून घ्यावी. उतरवतानाही एक काळजी घ्यावी. मजूर सोयीसाठी आधी पुढचे घड काढतात आणि मागचे तसेच ठेवतात. अशा वेळी ट्रॉली हुकातून सुटी असेल, तर मागच्या बाजूला कलंडते.

प्रश्न : गावाजवळ वजनकाटा नाही. वाळू, विटा किंवा धान्य भरताना वजनाचा अंदाज कसा घ्यावा? काट्यावर गेल्यास हुकावरचे वजन कळते का?
— एक ट्रॅक्टरमालक, पारोळा तालुका

उत्तर : ट्रॉली काठोकाठ भरली म्हणजे वजन पूर्ण झाले, ही समजूत चुकीची आहे, कारण त्याच ट्रॉलीत कापूस काठाच्या वर गेला तरी तो हलका असतो आणि वाळू अर्ध्यावर असतानाच मर्यादा संपते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एवढी कोरडी वाळू सुमारे साडेचार टन भरते आणि नदीतून नुकतीच काढलेली, पाण्याने भिजलेली वाळू पाच टनांच्या वर जाते. वीट साधारण तीन किलोची धरली, तर दोन हजार विटांचे सहा टन होतात. धान्याच्या बाबतीत पोती मोजणे पुरेसे आहे. नोंदणी पुस्तकात ट्रॉलीचे रिकामे वजन आणि मालासह एकूण वजन असे दोन आकडे असतात. त्यांतील फरक हीच आपल्या मालाची कायदेशीर मर्यादा. हा फरक किलोमध्ये काढून ट्रॉलीच्या फाळक्यावर आतून रंगाने लिहून ठेवावा, म्हणजे भरणाऱ्या मजुरालाही तो दिसतो.

काट्यावर हुकावरचे वजन निश्चित कळते. बाजार समितीच्या किंवा जिनिंगच्या काट्यावर एकदा भरलेली ट्रॉली घेऊन जावे. प्रथम ट्रॉली हुकाला जोडलेली असतानाच फक्त ट्रॉलीची चाके काट्यावर येतील आणि ट्रॅक्टर बाहेर राहील, अशी उभी करून वजन घ्यावे. नंतर ट्रॉलीच्या चाकांखाली लाकडी ठोकळे लावून, दांडी मजबूत टेकूवर ठेवून, ट्रॅक्टर बाजूला काढावा आणि टेकूसह पूर्ण ट्रॉलीचे वजन घ्यावे. टेकूही काट्यावरच असला पाहिजे. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला, की हुकावर पडणारे वजन मिळते. त्याच खेपेत ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचे वजन ट्रॉली जोडून आणि सोडून असे दोनदा घेतले, तर वरच्या उत्तरातील वीस टक्क्यांची कसोटी आपल्याला स्वतःच्या ट्रॅक्टरवर पाहता येईल. प्रत्येक मालासाठी ही मोजणी एकदाच करावी लागते, आणि काट्याची पावती जपून ठेवावी.

प्रश्न : कापसाचे वजन कमी असते, तरी कापसाच्याच ट्रॉल्या अधिक उलटताना का दिसतात?
— एक वाचक, धुळे तालुका

उत्तर : कापसाच्या ट्रॉलीचा धोका उंचीत आहे. ट्रॉलीच्या दोन बाजूंच्या चाकांमधील अंतर १.६ मीटर आणि भरलेल्या ट्रॉलीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून दोन मीटर उंचीवर असेल, तर पंधरा मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २७-२८ किलोमीटर वेगाला ती उलटण्याच्या बेतात येते. गुरुत्वमध्य १.२ मीटरवर असता, तर तोच वेग ३५ पर्यंत जातो. हे आकडे सपाट रस्ता आणि न दबणारे पाटे (चाकांवरील स्प्रिंगच्या पट्ट्या) गृहीत धरून काढले आहेत. प्रत्यक्षात बाहेरच्या बाजूचे पाटे व टायर दबतात, साइडपट्टी खचलेली असते, आणि उलटण्याचा वेग वीसच्या खालीही येऊ शकतो. त्यातही कापूस एका बाजूला जास्त दाबला गेला असेल, तर ट्रॉली सरळ रस्त्यावरच कललेली दिसते. अशी ट्रॉली शेतातून बाहेर काढूच नये.

उंची वाढवण्यासाठी बाजूंना बांबू आणि गोणपाट लावून जे कठडे उभारले जातात, त्यांच्या उंचीला आपणच मर्यादा घालून घ्यावी. गावातील वीजतारा कापसाच्या उंच ट्रॉलीला लागून आग लागण्याचा धोका वेगळाच आहे. भरलेल्या ट्रॉलीवर मजूर बसवण्याची प्रथा तर बंदच झाली पाहिजे. वेचणीला आलेल्या बायकांना संध्याकाळी घरी जायला दुसरे साधन नसते म्हणून त्या कापसावर बसतात; त्यांच्यासाठी वेगळी गाडी करणे हा मालकाचा खर्च आहे, आणि तो वेचणीच्या हिशेबातच धरावा.

प्रश्न : उन्हाळ्यात बागेला पाणी देण्यासाठी ५,००० लिटरचा टँकर ओढतो. अर्धा भरून नेल्यास ट्रॅक्टरवर ताण कमी पडेल का?
— लिंबू बागायतदार, अमळनेर तालुका

उत्तर : वजन कमी होईल, पण अर्धा टँकर हाताळायला पूर्ण टँकरपेक्षा अवघड असतो. पूर्ण भरलेल्या टाकीतील पाणी हलत नाही; अर्ध्या टाकीतील अडीच टन पाणी ब्रेक लावल्यावर पुढे धावते, वळणावर बाहेरच्या बाजूला चढते, आणि ट्रॅक्टर थांबला असे वाटत असतानाच मागून धक्का देते. टाकीत आडव्या, भोके असलेल्या पत्र्याच्या भिंती बसवलेल्या असतील, तर पुढे-मागे होणारी उसळ बरीच कमी होते; नसतील, तर वेल्डिंगच्या कारखान्यातून त्या बसवून घ्याव्यात. आपला ट्रॅक्टर पाच टन पाणी अधिक टाकीचे वजन सुरक्षितपणे थांबवू शकत नसेल, तर तीन हजार लिटरची टाकी घेऊन ती पूर्ण भरून नेणे, हाच योग्य मार्ग आहे.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेसाठी घोडा नेण्याकरिता जीपमागे दोन चाकी ट्रेलर जोडतो. ताशी सत्तरच्या पुढे गेल्यावर ट्रेलर डोलू लागतो आणि जीपही डोलते. हुक सैल आहे का?
— अश्वपालक, शहादा तालुका

उत्तर : हुक अवश्य तपासावा, पण अशा डोलण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे ट्रेलरचे वजन मागे पडलेले असणे. जीप किंवा मोटारीमागील दोन चाकी ट्रेलरसाठी, त्याच्या भरलेल्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर असावा, हा प्रचलित नियम आहे. घोडा ३५० किलोचा आणि ट्रेलर ५५० किलोचा धरला, तर हुकावर ९० ते १३५ किलो हवेत. धान्याच्या दुकानातील पोती मोजण्याच्या काट्यावर ट्रेलरची दांडी, जीपला जोडल्यावर जितकी उंच असते तितक्याच उंचीवर टेकवून हे वजन घरच्या घरी मोजता येते. कमी भरल्यास घोडा उभा राहण्याची जागा पुढे घ्यावी आणि चाऱ्याच्या पेंढ्या, पाण्याचे पिंप असे सामान धुरीच्या मागे ठेवू नये. हुकावर पडणारे वजन जीपच्या स्वतःच्या ओझ्यात धरले जाते, हेही विसरू नये. जीपमध्ये पाच माणसे आणि सामान भरून वर हुकावर सव्वाशे किलो टाकले, तर मागचे पाटे दबतात आणि पुढची चाके हलकी होतात.

घोडा हे स्वतःहून हलणारे ओझे आहे. त्याच्या छातीपुढे आणि मागे आडवे दांडे असावेत, दोर तो मान हलवू शकेल इतकाच सैल ठेवावा. दोन कप्प्यांच्या ट्रेलरमध्ये एकच घोडा असेल, तर तो उजव्या कप्प्यात, म्हणजे रस्त्याच्या मध्याकडील बाजूस उभा करावा. दोन असतील, तर जड घोडा त्या बाजूला. आपला रस्ता मध्यावर उंच आणि डाव्या कडेला उतरता असतो, त्यामुळे वजन डावीकडे असल्यास ट्रेलर साइडपट्टीकडे ओढला जातो.

डोलणे सुरू झालेच, तर जीपचे ब्रेक जोराने दाबू नयेत आणि वेग वाढवून ट्रेलर सरळ करण्याचाही प्रयत्न करू नये. स्टेअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलावा. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असतील, तर फक्त तेच लावावेत. आपल्या जीपच्या पुस्तिकेत ओढता येण्याजोग्या वजनाचे आकडे दिले असतील, तर ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरसाठी ते वेगळे असतात; योग्य तो आकडा वाचावा. पुस्तिकेत ट्रेलर ओढण्यास मनाई केलेली असेल, तर बाजारात हुक बसवून मिळतो म्हणून तो बसवू नये. आणि घोडा असताना ताशी सत्तर हा वेग मुळातच अधिक आहे. पन्नासच्या आत राहिल्यास घोडाही यात्रेत ताजातवाना पोहोचतो.

प्रश्न : जादा ओझ्याबद्दल दंड चालकाला होतो की मालकाला? ट्रॉलीची वेगळी नोंदणी लागते का?
— एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र करावी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ११३ नुसार नोंदलेल्या वजनापेक्षा अधिक भरलेले वाहन चालवण्यास मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ नुसार यासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक जादा टनासाठी २,००० रुपये इतका दंड आहे. जादा माल उतरवून घेतल्याशिवाय वाहन पुढे जाऊ दिले जात नाही आणि उतरवण्याचा खर्चही भरावा लागतो. वजनासाठी थांबण्यास नकार दिल्यास दंड ४०,००० रुपये आहे. हे कलम वाहन चालवणाऱ्यास लागू आहे, तसेच चालवायला लावणाऱ्यास किंवा चालवू देणाऱ्यासही. त्यामुळे मजुरीवर असलेल्या चालकाला 'भर अजून' असे सांगणाऱ्या मालकाला जबाबदारीतून सुटता येत नाही.

प्रश्न : रोजच्या वापरात निघण्यापूर्वी नेमके काय पाहावे?
— एक चालक, भुसावळ तालुका

उत्तर : आपण चालक आहात आणि हे विचारता आहात, याचे आम्हाला विशेष समाधान वाटते. सुरुवात हुकापासून करावी. हुकाची पिन तिच्या जाडीची आणि लांबीचीच असावी. पिन हरवली म्हणून तिच्या जागी सळईचा तुकडा किंवा बोल्ट घालू नये, कारण खड्ड्यात आदळल्यावर असा तुकडा वाकतो किंवा उडून बाहेर पडतो. पिनच्या खालच्या टोकाला अडकवायची क्लिप लावलेली आहे, हे हाताने चाचपून पाहावे. पिनच्या मध्यभागी झीज होऊन गळा पडला असेल, तर ती बदलावी. दांडीच्या कडीचे भोकही झिजून लांबट होते. त्यामुळे प्रत्येक ब्रेकला खणखण आवाज येऊ लागतो आणि तो आवाज दुर्लक्षित करू नये. हुकाच्या दोन्ही बाजूंनी साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देतील अशा अडकवाव्यात, म्हणजे पिन निघाली, तरी दांडी जमिनीत न रुतता साखळ्यांवर तोलली जाते.

त्यानंतर टायर. ट्रॉलीला बहुधा ९.००-१६ किंवा ७.५०-१६ मापाचे टायर असतात. त्यांच्या बाजूला लिहिलेली भारमर्यादा आणि हवेचा दाब वाचून एकाच धुरीवरील दोन्ही टायरांत सारखी हवा ठेवावी. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी आपल्याकडे पारा ४५ अंशांवर गेला, की तापलेल्या टायरातला दाब वाढलेला दिसतो. तो वाढला म्हणून हवा काढू नये, कारण टायर गार झाल्यावर ती कमी पडते आणि कमी हवेचा टायर भरलेल्या ट्रॉलीखाली अधिक तापून फुटतो. चाकांचे नट पान्याने घट्ट करावेत आणि पाट्यांपैकी एखादा तुटला आहे का, हे खाली वाकून पाहावे. फाळक्याच्या कड्या दोन्ही बाजूंनी लावाव्यात. मागच्या बाजूला लाल परावर्तक पट्टी आणि दिवा असावाच. मळलेली पट्टी ओल्या फडक्याने पुसावी, कारण रात्री महामार्गावर ताशी वीसने चाललेली ट्रॉली मागून येणाऱ्या ट्रकचालकाला त्या पट्टीनेच दिसते.

शेवटी, गावाबाहेर पडताच मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात एकदा ब्रेक दाबून पाहावा. जोडी सरळ थांबली, तर पुढे जावे. ट्रॅक्टर एका बाजूला ओढला गेला किंवा ट्रॉलीचा धक्का नेहमीपेक्षा जास्त जाणवला, तर परत फिरून ब्रेकची जुळणी करून घ्यावी किंवा थोडा माल उतरवावा.